जयच्या पुढची जागा

मोशी, १९ जानेवारी २०२५

प्रितम,

काम हाय म्हणून लिहिते. रडगाणं गायला न्हाई, तवा पाकीट कोपऱ्यात भिरकवायच्या आधी वाच.

तू चाकणच्या कंपनीत पेंटशॉपला व्हतास. चिकटवायचं, रंगवायचं तुला कळतं. तर मला एवढंच सांग, गाड्यांच्या मागं लावतात ती लाल रेडियमची पट्टी, लाइट पडला की चमकती ती, मातीनं माखलेल्या पत्र्यावर धरून राहती का? का आधी पत्रा रॉकेलनं पुसावा लागतो? भोसरीचा भैरू रेडियमवाला म्हणतो, "मावशी, लावा बिनधास्त." त्याला विकायचीच हाय, तो कशाला न्हाई म्हणंल?

पत्ता तुझ्या आईनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी पिंपरीला तुमच्या घरी जाऊन बसले, चहा प्याले, परत चहा प्याले. पत्ता मिळाल्याबिगर उठायचंच न्हाई असं ठरवून गेले व्हते. कस्तुराताई म्हणाल्या, "नंबर बदललाय त्याने, आम्हालाच कधीतरी करतो फोन. तुम्ही पत्र लिहा. पत्र परत पाठवायचा नाही तो." नाशिकला अंबडला खोली घेतलीस, कंपनीत पायी जातोस, गाडीला हात लावत न्हाईस, हे पण तिथंच कळलं. हात बरा झाला का ते मात्र त्यांना सांगता आलं न्हाई. आईला एवढं तरी सांगावं माणसानं.

आता रेडियम कशाला, ते ऐक. तुझ्या काकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, आन भावकीनं ठरवलं व्हतं की जयदीपच्या नावानं बसस्टॉपवर सिमेंटचं बाकडं द्यायचं. पाठीवर "कै. जयदीप सोपानराव यांच्या स्मरणार्थ", आन खाली देणाऱ्यांची नावं. देणारे एवढे निघाले की जयदीपचं नाव सरकत सरकत वर कोपऱ्यात गेलं. मी भर बैठकीत म्हणलं, बाकडं नको. मोशीत बाकडी बक्कळ हायेत, दुपारी त्यावर कुत्री झोपतात. माझं पोरगं ज्या ट्रॉलीवर आदळून गेलं तिच्या मागं हातभर लाल पट्टी असती तर आज ते हितं जेवत बसलं असतं. मला पट्ट्या लावायच्या हायेत. चाकणच्या बाजारात कांदा घेऊन जेवढ्या ट्रॉल्या येतात तेवढ्यांना.

तुझे काका उठून बाहेर गेले.

मोटारसायकल तू चालवत व्हतास, तुझा दोस्त मागं बसला व्हता. दिवस मावळलेला, ट्रॉली पंक्चर व्हऊन रस्त्यातच उभी, ना लाइट ना पट्टी. हे अख्ख्या गावाला ठाऊक हाय. तरी दहाव्याला तू हात गळ्यात बांधून इंद्रायणीच्या घाटावर आलास, तवा तुझे काका चार माणसांत तुला काय बोलले, ते पण अख्ख्या गावानं ऐकलं. "डोळे फुटले व्हते का तुझे? परत माझ्या दारात दिसू नको." त्यावर मी आज काय लिहीत न्हाई. आज कामाचं लिहिलंय. रॉकेलचं तेवढं कळव.

कौशल्याकाकू

ता. क. हे पत्र तुझ्या काकांना ठाऊक न्हाई. उत्तर पाठवशील ते तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठव.


मोशी, ९ फेब्रुवारी

प्रितम,

उत्तर न्हाई आलं. पण पत्र पण परत न्हाई आलं, म्हणजे पोचलं. रॉकेल आता मिळतंय कुठं! थिनरनं पुसतो आमी. आमी म्हणजे मी आन तुझी आई.

व्हय, तुझी आई. काल शनिवारी मी एकटीच चाकणला निघाले व्हते. मोशी फाट्यावर बस थांबली तर आतनं कस्तुराताई हाका मारतायत, "चढा लवकर, जागा धरलीय!" मांडीवर पिशवी, पिशवीत कात्री आन फडकी. तुझ्या वडलांनी, भीमराजभाऊंनी, जुन्या बनियनी फाडून फडकी करून दिली म्हणे. मी म्हणलं, ताई तुमी कशाला तरास घेतला? तर म्हणाल्या, "तुमचं पोरगं माझ्या हातचं जेवून आयटीआय पास झालंय. मी घरात बसून काय करू?" मग मी खिडकीबाहेर बघत बसले.

पण फजिती झाली रे. लई फजिती झाली.

मी भैरूकडनं दर पट्टीवर बारीक अक्षरात छापून घेतलं व्हतं, "कै. जयदीप यांच्या स्मरणार्थ". मला वाटलं, पोराचं नाव गावोगाव फिरंल. त्यानं कुठं काय बघितलं व्हतं, सव्विसाव्या वर्षी? निदान नाव तरी जुन्नर, मंचर, संगमनेर बघून यील. पहिला ट्रॅक्टर राजगुरुनगरकडचा. पुसलं, पट्टी लावली, वरनं हात फिरवला. माणूस बघायला मागं आला, वाचलं, आन जो ओरडला! "अवो मावशी! नवी ट्रॉली हाय माझी, दसऱ्याला नारळ फोडून काढलीय. तिला मयताचं नाव लावता व्हय?" नखानं खरवडून काढली त्यानं. दुसरा म्हणला, ह्याच गाडीतनं पोरीच्या सोयरिकीला जायचंय. तिसऱ्यानं आपले हातच जोडले, "ताई, दुःख कळतं मला. पट्टी द्या, पण ते कै. नको."

माझा संताप झाला. तुला माझा संताप ठाऊक हाय, आंब्याच्या झाडावरनं दोघांना खाली उतरवलं व्हतं त्या दिवशीचा. भर बाजारात ओरडले, "अरे मेल्यांनो, तुमच्या नावाला कै. लागू नये म्हणूनच लावतेय की पट्टी!" लोक हसले. हमाल पण हसले. मग मी जरा लिलावाच्या शेडमागं जाऊन उभी राहिले. रडले बिडले न्हाई. डोळ्यात कांदा गेला. चाकणच्या बाजारात कांदा काय कमी असतो व्हय?

येताना बसमध्ये तुझी आई पट्टीवर बोट फिरवत म्हणाली, "कौशल्याताई, ते कै. काढून टाकू. यांच्या स्मरणार्थही नको. सगळे त्याला जयच म्हणायचो ना आपण? नुसतं जय ठेवू." आन मग ती एकदम हसायला लागली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "फोन आठवला."

मला पण आठवला. तू फोन लावलास की हा हिकडनं म्हणायचा "जय", आन तू तिकडनं म्हणायचास "भीम". मग दोघं खी खी खी. तुझे काका वैतागायचे, "ह्या दोघांना नमस्कार पण अर्धा अर्धा वाटून घ्यावा लागतो." आठवतंय का तुला? मला रोज आठवतंय.

काकू


मोशी, २३ फेब्रुवारी

प्रितम,

आज लिहिताना मला हसू येतंय, आन हसू येतंय म्हणून वाईट पण वाटत न्हाई. हे नवीन हाय.

तुझ्या आईनं भैरूला फोन केला व्हता. "कै. काढ, दीप काढ, स्मरणार्थ काढ, नुसतं जय ठेव." त्याच्या दुकानाशेजारी वर्कशॉप, तिथं पत्रा कापायचं मशीन सारखं चालू. काय ऐकलं, काय न्हाई, देवाला ठाऊक. आमी पट्ट्या आणायला भोसरीला गेलो तर ह्या बाबानं काय करून ठेवलं असंल? वीतभर उंचीचं मोठं "जय" कापलंय, पांढऱ्या रेडियममध्ये, आन त्याच्या पुढं हातभर लाल पट्टी मोकळी सोडलीय! सगळ्याच्या सगळ्या पट्ट्यांवर!

मी भडकले. "ही जागा कशाला सोडलीस रे? आन एवढं मोठं कुणी सांगितलं व्हतं?"

भैरू मलाच समजवायला लागला. "मावशी, तुमी पुढचं सांगितलंच न्हाई. आमच्या धंद्यात जय म्हणलं की पुढं काय ना काय असतंच. कुणी मल्हार टाकतं, कुणी भीम, कुणी हनुमान. एकदा मी विचारायचं विसरलो आन मल्हारवाल्याला हनुमान टाकून दिला, तर लई ऐकून घेतलं. तवापासनं मी गिऱ्हाइकानं सांगितल्याबिगर पुढचं टाकतच न्हाई. जागा सोडतो."

"अरे, पुढं काय न्हाई! जय माझं पोरगं हाय!"

भैरू खालीच बसला. त्याला वाटलं व्हतं, कै. जयदीप म्हणजे कुणी म्हातारा असंल, मी कुणाची तरी समाजसेवा करतेय. मी फोटो दाखवला. तो त्यानं बघितला. मग उठून आतनं एक डबा आणला, कापून उरलेल्या अक्षरांचा. म, भी, ह, श्री, काना, वेलांटी, सगळं. म्हणला, "मावशी, ह्याचे पैसे न्हाईत. बाजारात घेऊन जा. जागा मोकळी हाय ना, ज्याचं त्याला विचारून लावा. माझी चूक हाय, पण बघा तर एकदा."

प्रितम, काल आमाला ट्रॉल्यांच्या मागं जावं लागलं न्हाई. ट्रॉल्या आमच्या मागं आल्या!

"मावशी, मला मल्हार." "आमाला भीम द्या." मंचरचा एक रिटायर फौजी, त्याला हिंद. ऊसतोडीवरनं परत चाललेल्या लमाणांच्या टोळीनं सेवालाल लावून घेतलं, ल कमी पडला तर तुझ्या आईनं कात्रीनं जागच्या जागी कापला. एका माणसानं श्री मागितली. मी म्हणलं, पुढं राम का? तर म्हणला, "न्हाई न्हाई, पोरगी हाय माझी, जयश्री." आन एक तर कहर! त्याला पुढची जागा नकोच व्हती. त्यानं जयच्या मागं "वि" लावून मागितला. विजय त्याचं नाव.

ज्यानं नखानं पट्टी खरवडली व्हती ना, तो राजगुरुनगरवाला, तो पण आला. खाली मान घालून. मी चांगली थिनरनं पुसून लावून दिली. जय मल्हार.

परत येताना दिवस मावळला व्हता. आमची बस हळूहळू चाललेली, पुढं ट्रॅक्टरची रांग. बसचा लाइट पडला की एकेक पेटायचं. जय. जय. जय. पुढचं कुठलं अक्षर वाचायला यायचं, कुठलं न्हाई. जय मात्र दर वेळी. तुझ्या आईनं माझा हात जो धरला तो मोशी फाट्यापर्यंत सोडला न्हाई.

तुला बघायला पाहिजे व्हतं.

काकू


मोशी, २३ मार्च

प्रितम,

मधी लिहायला झालं न्हाई. काम वाढलं. भिशीतल्या बायका येतात आता, एकीला आवरलं तर दुसरी फोन करती. एमआयडीसीच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभ्या राहतो, सायकलवाल्यांना लावतो. यूपी, बिहारची पोरं, पहिल्यांदा घाबरतात, वाटतं दंड करणार. भीमराजभाऊ हिंदीत समजावतात. तुझ्या वडलांची हिंदी तशीच हाय, "तुम थांबो, ये चिकटाने का है."

भैरू पट्टी आता आणलेल्या भावात देतो. आन ज्या भावकीला बाकडं द्यायचं व्हतं, त्यातल्या दोघांनी येऊन रोल दिले. नाव कुठं टाकू, विचारलं. म्हणले, नको, जय हाय की.

सगळं छान चाललंय असं लिहून पत्र संपवणार व्हते. पण तसं न्हाई.

आपल्या स्वतःच्या ट्रॉलीला पट्टी न्हाई.

मी लावायला गेले तर तुझे काका आडवे झाले. मी म्हणलं, गावाच्या गाड्यांना लावते, आपली तशीच फिरती, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, "लोकांचं मला सांगू नको. नाव माझ्या पोराचं आन पुढं दुनियेचे देव. माझं पोरगं अर्धं कापून गावाला वाटलंस तू."

पट्टी मी परत पिशवीत ठेवली. कारण मला पण कधी कधी, भांडी घासताना बिसताना, असंच वाटतं. दीप कुठं गेला माझा? जय तर सगळ्यांचा झाला. हे तुझ्या आईला मी बोलले न्हाई, तुला लिहितेय.

मग मी तुझं नाव काढलं. म्हणलं, प्रितमला एकदा बोलवा. तर परत तेच. "त्याचं नाव न्हाई काढायचं ह्या घरात. एवढी मोठी ट्रॉली! आंधळ्याला पण दिसंल. डोळे फुटले व्हते का त्याचे?" मी म्हणलं, तुमाला दिसली असती? म्हणाले, "मला दिसली असती. चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी."

तुला वाईट वाटंल म्हणून हे लिहू का नको, इचार केला. पण खोटं लिहून तुला बोलावणार न्हाई मी. आधी हे घर सरळ करते, मग तुला बोलावते.

आन तुझे काका वाईट न्हाईत रे. जयदीपचा फोन मी चार्ज करून कपाटावर ठेवते. नुसता असू दे म्हणून. मागच्या महिन्यात त्याचं रिचार्ज संपलं. मी काय बोलले न्हाई. दुसऱ्या दिवशी बघितलं तर परत चालू. घरात आमी दोघंच, मग कुणी केलं असंल?

काकू


मोशी, ६ एप्रिल

प्रितम,

हे पत्र बसून वाच.

काल बाजारातनं निघायला उशीर झाला. बस येईना. तुझी आई तिच्या भाचीच्या गाडीवर पुढं गेली आन मी चाकणच्या फाट्यावर एकटी. तुझ्या काकांना फोन केला, ते मोटारसायकल घेऊन आले. दिवस नुकताच मावळलेला, ना धड उजेड ना अंधार. गावाच्या अलीकडं वळण हाय ना, वीटभट्टीच्या पुढचं, तिथं समोरनं ट्रेलर आला. मोठे लाइट लावून. डोळ्यांपुढं नुसतं पांढरं झालं. ट्रेलर गेला, आन पुढच्या क्षणाला तुझ्या काकांनी असा काय ब्रेक दाबला की मी त्यांच्या पाठीवर आपटले. गाडी घसरली, आडवी झाली, दोघं खाली.

लागलं न्हाई. कोपर खरचटलं माझं, त्यांचा गुडघा. घाबरू नकोस.

वर बघितलं तर आमच्या तोंडापुढं ट्रॉली. हात पुढं केला असता तर लागली असती. विटांनी भरलेली, चाक बसलेलं, लाइट न्हाई, पट्टी न्हाई. मातीच्या रंगाची, मातीत मिसळलेली.

तुझे काका उठले आन शिव्या द्यायला लागले. "कुणाच्या बापाची ट्रॉली हाय ही? कुणी उभी केली हितं?" ट्रॉलीच्या पलीकडनं आमचा पुतण्या आला, रणजीत. हातात जॅक. म्हणला, "तात्या, आपलीच हाय. सकाळी तुमाला विचारूनच नेली व्हती की मी."

तुझ्या काकांनी ट्रॉलीकडं बघितलं, मागं रस्त्याकडं बघितलं, परत ट्रॉलीकडं. मग तिथंच रस्त्याच्या कडेला मातीत बसले. म्हणाले,

"मला दिसली न्हाई गं."

रणजीत बिचारा पाणी घेऊन उभा. तुझ्या काकांनी पाणी घेतलं, पण प्याले न्हाईत. म्हणाले, "माझीच ट्रॉली, माझाच रोजचा रस्ता. आन मला दिसली न्हाई. पोराला काय दिसणार व्हतं? त्याला काय दिसणार व्हतं, कौशल्या?" आन मग ते रडले. दवाखान्यात रडले नव्हते, घाटावर रडले नव्हते. रणजीत तोंड फिरवून उभा राहिला. रडू दिलं मी त्यांना. मी पण रडले, आन ह्या वेळी कांदा बिंदा काय नव्हता.

मग उठले. डोक्यावरची टोपी काढली, ट्रॉलीचा मागचा पत्रा टोपीनं पुसला. थिनर व्हतं माझ्या पिशवीत, ते पण ऐकलं न्हाई. म्हणाले, "दे ती पट्टी." स्वतः लावली. वाकडी लागलीय. मी म्हणलं, पुढं काय लावू, अक्षरं हायेत डब्यात. म्हणाले, "काय नको. आपल्याला पुढचं ठाऊक हाय."

ट्रॉलीवर आता तसंच हाय. जय, आन पुढं मोकळी जागा.

तू आदळलास, प्रितम, कारण ती दिसतच नव्हती. मला हे पहिल्या दिवसापासनं ठाऊक व्हतं. आता ह्या घरात दोघांना ठाऊक हाय. तुला कधी कळणार?

पाकिटात एक पट्टी ठेवलीय. तुझ्याकडं गाडी न्हाई, मला ठाऊक हाय. दाराला लाव, बॅगेला लाव, कुठं पण लाव. माझा नंबर तोच हाय, जयदीपचा पण तोच हाय.

काकू


मोशी, १५ एप्रिल

प्रितम,

काल तू फोन ठेवलास, पण मग हिकडं काय झालं ते तुला ठाऊक न्हाई. म्हणून लिहिते. तू निघायच्या आत हे पत्र पोचंल का न्हाई ठाऊक न्हाई, तरी लिहिते. सवय लागलीय.

काल भीमजयंती, म्हणून मी सकाळी पिंपरीला तुमच्याकडं यायला निघाले व्हते. तुझ्या आईनं खिरीला बोलावलं व्हतं. पातळ नेसून तयार झाले आन कपाटावर फोन वाजला. माझा न्हाई, त्याचा. इतक्या महिन्यांत त्या फोनवर कंपनीचे आन बँकेचे मेसेज सोडून काय आलं नव्हतं. नंबर अनोळखी. मी जागची हललेच न्हाई.

तुझे काका उठले. चष्मा लावला. हिरवं बटण त्यांना सरकवता येत न्हाई, दोनदा चुकलं. मला वाटलं, कटणार आता. कानाला लावला, आन तिकडनं काय आवाज येईना. मी हातानं खुणा करतेय, बोला, बोला काय तरी. ते माझ्याकडं बघत राहिले. आन मग म्हणाले,

"जय."

एवढी वर्षं वैतागायचे ना? सगळं ऐकून ठेवलं व्हतं त्यांनी.

तू किती वेळ गप्प व्हतास, तुला तरी कळलं का? मला वाटलं ठेवलास फोन. मग त्यांचा चेहरा बदलला आन मला कळलं की तू पुढचं म्हणलास.

पुढं तुमी दोघं काय बोललात ते मला नीट ऐकू आलं न्हाई. "व्हय, व्हय" आन "ये" एवढंच आलं. तू ठेवलास तरी ते फोन कानाला धरून उभेच. मग म्हणाले, "शनिवारी येतोय. पट्टी दाराला लावलीय म्हणाला." आन मग आत जाऊन टोपी बदलून आले आन मला म्हणाले, "चल, मी सोडतो पिंपरीला. खीर मला पण चालती."

तुझ्या घरी काल काय गोंधळ झाला ते तुझी आई सांगंलच. भीमराजभाऊ आन हे, दोघं एका सतरंजीवर बसून खीर वाटत व्हते. तुझे काका येणाऱ्या जाणाऱ्याला विचारत व्हते, गाडीला रेडियम हाय का? मला लाज वाटली. तुझी आई म्हणाली, असू द्या, चांगलं काम लागलं हाताला.

आता शनिवारचं. तू नाशिकच्या एसटीनं चाकणला उतर. बाजारात रोलचं एक टोक धरायला माणूस लागतं, तुझ्या आईचे हात दुखतात आता. जुना शर्ट घाल, थिनर उडतं. जेवायला मी भाकरी आन पिठलं आणते, ठेचा वेगळा.

तुझे काका तुला घ्यायला स्टँडवर येणार हायेत, मोटारसायकल घेऊन. मी म्हणलं, पोरानं गाडी सोडलीय, त्याच रस्त्यानं यायचंय, तुमी सांभाळून आणा त्याला. तर म्हणाले, "मी कशाला आणतो? तो चालवंल."

मी म्हणलं, आन तुमी?

म्हणाले, "मी मागं बसंन. जय बसायचा तिथं."

हेल्मेट दोन घेतलीत. दोन्हीला मागं पट्टी लावलीय.

काकू